कॉम्प्युटर क्षेत्र वाढणार हे मान्य, पण म्हणून १२ लाख तिथेच टाकायचे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, नागपूरला मिहानमधल्या आयटी कंपनीत नोकरी, बेसा भागात फ्लॅट, त्याचा हप्ता २७ हजार आणि घरखर्च ४५ हजार. १२ लाखांची एफडी सुटते आहे. शिवाय कंपनीचे शेअर ६ लाखांचे, टेक्नॉलॉजी सेक्टर फंडात ४ लाख आणि पीएफमध्ये ८ लाख. विचारलंय ते असं : "एआय, चिप, क्लाउड हे वाढतच जाणार, भारतासारखे देश तर आत्ता कुठे सुरुवात करताहेत. मग सगळे १२ लाख टेक फंड, नॅस्डॅक ईटीएफ आणि इमर्जिंग मार्केट फंडात वाटून टाकू का?" (नॅस्डॅक म्हणजे टेक कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी शेअर बाजार, ईटीएफ म्हणजे निर्देशांकातले शेअर घेणारा आणि स्वतःही शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड, इमर्जिंग मार्केट म्हणजे उदयोन्मुख देश.)

क्षेत्र वाढेल की नाही यावर वाद घालत बसू नका, वाढेल. पण तुम्ही विकत घेताय तो उद्योग नसतो, एखाद्या कंपनीच्या नफ्यातला वाटा असतो आणि त्याची किंमत आज मोजावी लागते. म्हणून विचारायचं ते हे, की वाढीतला पैसा शेवटी कोणाच्या खिशात राहतो आणि त्यासाठी आज किती मोजतोय. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुमचा पगारच या क्षेत्रातून येतो. तिकडे शेवटी येतो.

आधी खिशाचं बघू. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ ला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. 'हा डबा घरोघरी जाईल' असं त्या दिवशी कोणी म्हटलं असतं तर त्याचा अंदाज बरोबर ठरला असता, आणि तेवढ्या भरवशावर डबे बनवणाऱ्यांवर पैसे लावले असते तर बहुतेक बुडाले असते. पैसा राहिला प्रोसेसरवाल्या इंटेलकडे आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या मायक्रोसॉफ्टकडे. जुळवणी करणारे एकमेकांचे भाव पाडत बसले. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली, खुद्द आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा धंदा लेनोवोला विकला. डबा कोणीही जुळवू शकत होता, विंडोज एकाच दुकानात मिळत होतं, एवढाच फरक.

नागपुरातल्या बर्डीवरच्या कॉम्प्युटर दुकानदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. लॅपटॉपवर त्याला दोन-चार टक्के सुटतात, तेही गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन भाव दाखवेपर्यंत. दुकान चालतं ते बॅग, माऊस, अँटिव्हायरस आणि दुरुस्तीवर. शेअर बाजारात हीच पायरी दिसते. डिक्सनसारख्या जुळवणी करणाऱ्या कंपनीचं ऑपरेटिंग मार्जिन, म्हणजे विक्रीतून धंद्याचा खर्च जाऊन उरणारा वाटा, चार टक्क्यांच्या आसपास असतं, सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या टीसीएसचं चोवीस-पंचवीस, तैवानच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचं चाळीसच्या वर. तिन्हींना आपण 'टेक' म्हणतो. कमी मार्जिन म्हणजे धंदा वाईट असं मात्र समजू नका. भांडवल वर्षातून अनेकदा फिरत असेल तर चार टक्क्यांतही उत्तम परतावा निघतो. म्हणून मार्जिनच्या शेजारी आरओसीई, म्हणजे गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, आणि उधारी वसूल व्हायला लागणारे दिवस हे दोन आकडे ठेवा. विक्री वाढते आहे पण उधारीचे दिवस ६० वरून ९० वर गेलेत, तर माल उधारीवर ढकलला जातोय का, ही शंका घ्यायची. तीन वर्षांचा नफा आणि तीन वर्षांत धंद्यातून हाती आलेली रोकड शेजारी मांडा. रोकड सतत नफ्याच्या ७० टक्क्यांच्या खाली राहत असेल, तर वार्षिक अहवालातल्या टिपा वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मेमरी चिपवाल्यांचं गणित वेगळं आहे, आणि ते विदर्भातल्या माणसाला पटकन कळेल. काटोल-वरुडकडे संत्र्याला भाव मिळाला की पुढच्या पावसाळ्यात कलमांना मागणी येते. झाडं फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. मग सगळ्यांची फळं एकदम उतरतात आणि कळमन्याच्या बाजारात भाव कोसळतो. मेमरीतही तेच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तीन मोठे बागायतदार. भाव चढला की तिघंही कारखाने वाढवतात, ते उभे राहायला दोन-तीन वर्षं जातात, आणि एकदा उभे राहिले की थांबवता येत नाहीत, कारण खर्चाचा मोठा भाग यंत्रांच्या घसाऱ्याचा, म्हणजे यंत्रं जुनी होतात म्हणून दर वर्षी हिशेबात धरायच्या खर्चाचा. कारखाना बंद ठेवला तरी घसारा चालूच, मग पडेल भावाने का होईना माल काढत राहतात.

यातून नवख्यांना हमखास फसवणारी गोष्ट निघते. अशा कंपनीचा पीई, म्हणजे भाव प्रति शेअर वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, तेजीच्या शिखरावर सर्वांत कमी दिसतो, कारण नफा फुगलेला असतो. सहा-सातचा पीई बघून 'स्वस्त आहे' म्हणून घेतात आणि पुढच्या वर्षी नफाच गायब होतो. तळाशी उलट, कंपनी तोट्यात असते आणि पीई निघतच नाही. इथे पीई बाजूला ठेवून पुस्तकी मूल्याच्या (कंपनीची मालमत्ता वजा देणी) किती पट भाव आहे ते पाहायचं आणि गोदामात किती दिवसांचा माल पडून आहे ते पाहायचं. साठा वाढतोय आणि कंपनी नवे कारखाने जाहीर करतेय, या दोन बातम्या एकत्र आल्या तर हात आखडता घ्या.

आता किंमत. समजा एक चांगली कंपनी आहे. प्रति शेअर नफा १० रुपये, भाव ६०० रुपये, म्हणजे पीई ६०. नफा दर वर्षी २० टक्क्यांनी, सलग सात वर्षं वाढला. सात वर्षांनी नफा झाला ३५.८ रुपये. इतकी वाढ झाल्यावर बाजार सहसा त्याच पटीने भाव देत नाही. तेव्हा पीई २० असेल तर भाव सुमारे ७१७ रुपये, म्हणजे तुम्हाला वर्षाला अडीच टक्क्यांच्या आसपास मिळाले. कंपनीने सगळं बरोबर करूनसुद्धा! पीई ३० राहिला तर भाव १,०७५ आणि परतावा पावणेनऊ टक्क्यांच्या जरा खाली. हे गणित कागदावर पाच मिनिटांत होतं. कुठलाही शेअर घेण्याआधी करा, आणि शेवटचा पीई लिहिताना स्वतःशी प्रामाणिक राहा.

हे कागदी भय नाही. नॅस्डॅक कंपोझिट निर्देशांक १० मार्च २००० ला ५,०४८ वर बंद झाला, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत आला आणि जुन्या शिखरावर परतायला २०१५ उजाडलं. इंटरनेट जग बदलणार हे त्या लोकांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं. मायक्रोसॉफ्ट त्या काळात बुडाली नव्हती, विंडोज-ऑफिस जगभर विकलं जात होतं, तरी डिसेंबर १९९९ चा भाव परत दिसायला जवळपास १७ वर्षं लागली. एनव्हिडियाची उदाहरणं आज सगळे देतात, पण नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या अकरा महिन्यांत तोच शेअर साधारण दोन-तृतीयांश पडला होता हे कोणी सांगत नाही. तेव्हा टिकून राहायला दोन गोष्टी लागत होत्या : पोट भरायला दुसरा पैसा, आणि त्या शेअरमध्ये स्वतःच्या एकूण पुंजीचा लहानच हिस्सा.

'उदयोन्मुख देशांत लोक आत्ता कुठे कॉम्प्युटर घेताहेत' हा तुमचा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, पण या देशांनी मधली पायरीच गाळली. जगभरातली पीसीची वार्षिक विक्री २०११ च्या सुमारास ३५ कोटींच्या पुढे होती, त्यानंतर कोविडची दोन वर्षं सोडली तर ती त्याच्या बरीच खाली राहिली. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि कोट्यवधी लोकांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे हातातला फोन झाला. पीसी विकणाऱ्याला जी लाट येणार होती ती फोन, टॉवर आणि डेटा सेंटरवाल्यांकडे गेली. लाट आली, फक्त दुसऱ्या घाटावर.

दुसरं, देश वाढला म्हणजे शेअर वाढतात असं नाही. चीनची अर्थव्यवस्था २००७ नंतर कित्येक पटींनी मोठी झाली, पण तिथला शेअर निर्देशांक शांघाय कंपोझिट ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१०० च्या वर गेला होता, ती पातळी पुढच्या पंधरा वर्षांत एकदाही दिसली नाही. वाढीचा पैसा नव्या कंपन्या, नवे भागधारक, सरकार आणि कामगार यांच्यात वाटला जातो. जुन्या भागधारकाच्या पदरात काय पडतं ते त्या देशात भागधारकाला किती किंमत आहे यावर ठरतं. चिनी इंटरनेट कंपन्यांचे परदेशात विकले जाणारे बरेच शेअर हे केमन बेटांसारख्या ठिकाणच्या कंपनीचे असतात, मूळ चिनी धंद्याशी तिचं नातं करारांपुरतं. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना नफा कमावायलाच मनाई केली आणि त्या कंपन्यांचे शेअर काही दिवसांत कोसळले. रशियाचे शेअर तर मार्च २०२२ मध्ये एमएससीआय या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीच्या इमर्जिंग मार्केट निर्देशांकातून शून्य भावाने काढले गेले.

आणि गंमत म्हणजे तुम्ही ज्याला विविधता समजताय तो इमर्जिंग मार्केट फंड आतून बघितला तर काय दिसतं? सर्वांत मोठी कंपनी टीएसएमसी, मग सॅमसंग, टेन्सेंट यांच्यासारखी नावं, आणि एक मोठा तुकडा भारताचा, जो तुमच्याकडे तसाही असायला हवा. एमएससीआयच्या लेखी तैवान आणि कोरिया अजून 'उदयोन्मुख'च आहेत. म्हणजे टेक फंड, नॅस्डॅक ईटीएफ आणि इमर्जिंग मार्केट फंड अशी तीन नावं घेऊन तुम्ही बऱ्याच अंशी चिपच्या एकाच चक्रावर बसणार. फंड घेण्याआधी त्याची महिन्याची फॅक्टशीट उघडा आणि पहिल्या दहा कंपन्या वाचा, एवढं तरी कराच.

मार्गाबद्दल. नॅस्डॅक ईटीएफ भारतीय एक्स्चेंजवर घ्यायचा म्हणता, तर त्यात एक खाच आहे. म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला सगळ्यांची मिळून ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफसाठी वेगळी १ अब्ज डॉलर अशी मर्यादा आहे. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली आणि अनेक योजनांनी नवे पैसे घेणं थांबवलं, नंतर कधी दार किलकिलं होतं, कधी बंद. दार बंद असताना ईटीएफची नवी युनिट तयार होत नाहीत, आणि मागणी वाढली की बाजारभाव आतल्या शेअरांच्या किमतीपेक्षा वर जातो. आतली किंमत म्हणजे आयनॅव्ह, फंड कंपनीच्या वेबसाइटवर दिवसभर दिसते. समजा आयनॅव्ह १८० आहे आणि बाजारभाव २०५. तुम्ही जवळपास १४ टक्के जास्त मोजलेत. उद्या मर्यादा वाढली आणि हा फुगा बसला तर नॅस्डॅक जागचा हलला नाही तरी तुमचे १२ टक्के गेले. माझा नियम साधा आहे : दोन टक्क्यांच्या वर फरक असेल तर घेत नाही, आणि घेताना मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने) नाही, लिमिट ऑर्डर (जास्तीत जास्त भाव आपण ठरवून).

थेट अमेरिकी शेअर घ्यायचे तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस कापते (कंपनी नव्हे, पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर!). तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, त्याचं क्रेडिट इथे मागता येतं. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. रुपयाचे डॉलर करताना बँक दरात राखते ते अंतर आणि पाठवणावळ धरली तर महिन्याला दहा-दहा हजार पाठवणं परवडत नाही, वर्षातून एकदा-दोनदा एकगठ्ठा पाठवावं.

रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं विसरतात, ते विसरू नका. त्यात परदेशी मालमत्ता १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या कॅलेंडर वर्षाप्रमाणे दाखवायची असते, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही, आणि आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही. तुमची कंपनी भारतीय की अमेरिकी हे तुम्ही लिहिलेलं नाही. मूळ कंपनी अमेरिकेत नोंदलेली असेल आणि हे ६ लाखांचे शेअर तिथले असतील, तर हे बंधन तुम्हाला आजच लागू आहे. न दाखवल्यास दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून, जमीन-घर सोडून परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सूट मिळाली, पण दाखवणं सुटलेलं नाही. आणखी एक, जे दलाल सांगत नाहीत : अमेरिकी मालमत्ता ६० हजार डॉलरच्या वर गेली आणि माणूस गेला, तर वरच्या भागावर तिथला वारसाकर ४० टक्क्यांपर्यंत लागू शकतो, आणि आपला त्या देशाशी वारसाकराचा करार नाही. भारतीय म्युच्युअल फंडातून गेलात तर ही भानगड तुमच्या अंगावर येत नाही.

एक फायदा मात्र खरा आहे. डॉलर २०११ मध्ये ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२२ च्या शेवटी ८२-८३. परदेशी गुंतवणुकीला रुपयाच्या घसरणीचा हा टेकू मिळतो. पण तुमच्या आयटी पगाराला आणि कंपनीच्या नफ्यालाही तोच टेकू आहे. म्हणूनच आयटी कंपनीचे निकाल बघताना रुपयातली वाढ बघू नका, कॉन्स्टंट करन्सीतली, म्हणजे विनिमय दर बदललाच नाही असं धरून काढलेली, बघा. रुपयात सात टक्के आणि कॉन्स्टंट करन्सीत तीन टक्के असेल, तर चार टक्के कंपनीने नाही, विनिमय दराने कमावले.

आता तुमचे पैसे. एकूण पुंजी ३० लाख, त्यातले १० लाख आजच टेकमध्ये. १२ लाखही तिथेच गेले तर ३० पैकी २२ होतात. टेक निम्म्यावर आलं, जे याआधी एकाहून जास्त वेळा झालंय, तर ११ लाख गेले. आणि तसं होतं तेव्हाच आयटीत नोकरकपातही होते, हप्ता मात्र २७ हजारच राहतो. सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ ला हिशेबातला घोटाळा कबूल केला, शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला, आणि ज्या कर्मचाऱ्यांची बचत त्याच शेअरमध्ये होती त्यांची नोकरी आणि पुंजी एकाच सकाळी टांगणीला लागली. चांगल्या कंपनीत सहसा घोटाळा होत नाही हे मान्य, पण तिथेही हे दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले असतात.

मी असं करीन. महिन्याचे ७२ हजार, त्याचे नऊ महिने म्हणजे साधारण साडेसहा लाख आधी बाजूला. पुण्यात सहा महिन्यांचं सांगतो, नागपुरात नऊ, कारण मिहान आणि परसोडीचा आयटी पार्क मिळून इथे मोठे मालक मोजकेच आहेत. नवी नोकरी शोधायची तर बरेचदा गाव सोडावं लागतं आणि ठरवायला वेळ जातो. हे साडेसहा लाख दोन बँकांत ठेवा, ठेवींचा विमा एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे. उरले साडेपाच. त्यातले साडेतीन लाख भारतातल्या व्यापक इंडेक्स फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड), निफ्टी ५०० चालेल, आयटी त्यातही आहेच. दोन लाख परदेशी, पण नॅस्डॅकऐवजी सगळ्या क्षेत्रांचा असलेला फंड, दार उघडं असेल तेव्हा. हे साडेपाच लाख दहा महिन्यांत ५५-५५ हजारांनी गेले तर मन शांत राहील.

सेक्टर फंडातले ४ लाख राहू द्या, पण त्याची एसआयपी चालू असेल तर थांबवा. एका क्षेत्रावर मुद्दाम लावलेली पैज एकूण पुंजीच्या १५ टक्क्यांच्या वर नको, म्हणजे तुमच्यासाठी साडेचार लाख. ती जागा जवळपास भरलेली आहे. कंपनीच्या शेअरबद्दल स्वतःला एकच विचारा : आज हातात ६ लाख रोख असते तर मी हेच शेअर घेतले असते का? उत्तर 'नाही' असेल तर निम्मे विका आणि पैसे त्याच इंडेक्स फंडात टाका. भारतीय शेअर असतील आणि घेऊन वर्ष झालं असेल, तर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, म्हणून थोडे ३१ मार्चच्या आधी आणि थोडे नंतर विकता येतील. इमर्जिंग मार्केट फंड सध्या घेऊच नका, तुम्ही राहता तीच एक उदयोन्मुख बाजारपेठ आहे.

काही आकडे न कळल्यामुळे हे थोडं इकडे-तिकडे होईल. गृहकर्जाचा दर नऊच्या वर असेल तर साडेतीनातला एक लाख आधी कर्जात भरा. बायको कमावती असेल आणि आयटीत नसेल तर नऊ महिन्यांचे सहा करा, दोघंही आयटीत असाल तर बारा. कंपनीचे शेअर कुठे नोंदलेले आहेत, लॉक-इन (शेअर विकण्यावरची मुदतबंदी) कधी सुटतं आणि कर्जाचा दर काय, एवढं कळवा, विकण्याच्या तारखा त्यावरून ठरवता येतील.